आधीच्या माणसाची काठी

मंडळी, युद्धातली प्रेमकथा म्हटलं की फलाटावरचा निरोप, हलणारा रुमाल, खिशातला फोटो असं सगळं डोळ्यांपुढे येतं. ते आज बाजूला ठेवू. मी एकाच कादंबरीबद्दल बोलणार आहे, कारण तिच्यात प्रेम सुरू होण्याआधीच एक माणूस मेलेला आहे आणि तो शेवटपर्यंत हटत नाही. अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’, १९२९ सालची.

पहिलं महायुद्ध, इटलीची आघाडी. फ्रेडरिक हेन्री हा अमेरिकन तरुण इटालियन सैन्यात अॅम्ब्युलन्स विभागात लेफ्टनंट आहे. ब्रिटिश रुग्णालयाच्या बागेत त्याला कॅथरीन बार्कली भेटते. उंच, सोनेरी केसांची, नर्सच्या वेशातली. हातात वेताची एक बारीकशी काठी, कातडं गुंडाळलेली, पोराच्या खेळण्यातल्या चाबकासारखी. हेन्री सहज विचारतो, ही कसली काठी? ती सांगते, गेल्या वर्षी मारल्या गेलेल्या एका मुलाची. आठ वर्षं दोघांचं लग्न ठरलेलं होतं. तो फ्रान्समध्ये सोम नदीकाठच्या लढाईत गेला. सैन्याने त्याच्या वस्तू घरी पाठवल्या, त्यातली ही काठी त्याच्या आईने हिला दिली.

सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, ब्रिटिशांचे १९ हजारांहून जास्त सैनिक मेले. तेव्हा अशा किती मुली मागे राहिल्या असतील, ते बघा. लग्न झालेलं नाही, म्हणून विधवा म्हणवून घेता येत नाही. दुःख पोटात ठेवायचं आणि कामाला लागायचं.

आता ती पुढे काय बोलते ते बघा. ती नर्स झाली तेव्हा तिच्या मनात एक वेडी कल्पना होती. तो आपल्याच रुग्णालयात येईल, तलवारीचा वार लागलेला, डोक्याला पट्टी बांधलेली, दिसायला अगदी छान. प्रत्यक्षात तोफगोळ्याने त्याच्या चिंधड्या उडाल्या. आणि हे सगळं ती कुणाला सांगते, तर अर्ध्या तासापूर्वी भेटलेल्या परक्या माणसाला! ज्याच्यापाशी बोलायला कुणीच उरलेलं नसतं, तोच असं बोलतो. शिवाय तिला एक गोष्ट आत खात असते. लग्नाआधी तिने त्या मुलाला अंतरावर ठेवलं होतं. हे असं होणार हे कळलं असतं, तर त्याला हवं ते सगळं दिलं असतं, असं ती म्हणते. तो गेल्यावर त्याच्यासाठी काहीतरी करावं म्हणून सगळे केस कापून टाकायचं तिने ठरवलं होतं. आपल्याकडे केशवपन लादलं जायचं, त्यामुळे मराठी वाचक इथे जरा दचकतो. कॅथरीनला कुणी सांगितलेलं नाही. तिला स्वतःलाच काहीतरी देऊन टाकायचं आहे.

दोन दिवस आघाडीवर राहून हेन्री परत येतो, तेव्हा ती त्याच्याकडून एक वाक्य म्हणून घेते: मी रात्री कॅथरीनकडे परत आलो आहे. तो पढवल्यासारखं म्हणतो. हे वाक्य हेन्रीचं नाहीच, ते त्या दुसऱ्याने यावं आणि म्हणावं असं आहे. थोड्या वेळाने ती भानावर येते आणि सांगते, हा आपण फार वाईट खेळ खेळतोय, प्रेमाचं सोंग करायची तुला गरज नाही. मला ही पाचसहा पानं साऱ्या कादंबरीत सर्वांत सच्ची वाटतात. हेन्री मनात म्हणतो, बाई थोडी वेडी आहे, पण रोज संध्याकाळी अधिकाऱ्यांसाठीच्या वेश्यागृहात जाण्यापेक्षा हे बरं. त्याला दुःख झालेलं नाही, तो नुसता कंटाळला आहे.

कॅथरीनवर एक जुना आक्षेप आहे. तिला स्वतःचं काही मतच नाही, तुला हवं तेच मला हवं असं म्हणत राहते, ही पुरुषाच्या कल्पनेतली बाहुली आहे. आक्षेप अगदीच खोटा नाही. हेन्री जखमी होऊन मिलानच्या रुग्णालयात असतो, तिथे ती खरंच म्हणते की आता ‘मी’ असं काही उरलेलंच नाही. पण ही बाई एकदा ‘नाही’ म्हणाली होती आणि त्या ‘नाही’चं ओझं घेऊन वावरते आहे, हे लक्षात ठेवून ती पानं पुन्हा वाचा. तिच्या ‘हो’मध्ये पश्चात्ताप आहे. हेन्री लग्नाचं काढतो तेव्हा ती टाळते. लग्नाची वाट बघण्याचा एक अनुभव आपण घेतला आहे, असं सांगते.

हेन्रीचं एकटेपण उशिरा येतं. ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेट्टोला इटालियन फळी कोसळते. माघारीत स्वतःचेच लोक अधिकाऱ्यांना धरून गोळ्या घालत असतात. तो नदीत उडी टाकून सुटतो आणि तिथे त्याचं सैन्य संपतं. गणवेश गेला, मित्र गेले, उरली फक्त कॅथरीन. आता दोघांची गरज सारखी झाली. नावेने रात्रभर सरोवर ओलांडून ती स्वित्झर्लंडला पोचतात, माँत्रोच्या वरच्या बाजूला एका घरात हिवाळा काढतात. कुणाला भेटत नाहीत, भेटावंसं वाटत नाही. वाचताना वाटतं, किती सुख! पण जरा नीट बघा. तिथे कॅथरीन पुन्हा केसांचा विषय काढते. तू वाढव, मी कापते, म्हणजे आपण दोघं सारखी दिसू. पहिल्यांदा केस मेलेल्यासाठी कापायचे होते. आता जिवंत माणसात स्वतःला मिसळून टाकण्यासाठी. मला हे गोड वाटत नाही, भीती वाटते.

हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ ही १९१५ सालची कथा याच युद्धातली. अमृतसरच्या बाजारात लहानपणी भेटलेल्या मुलीने पंचवीस वर्षांनी घातलेली गळ लहनासिंह खंदकात जीव देऊन पाळतो. तिथे प्रेम उच्चारलंही जात नाही, सगळं आठवणीतच. मला गुलेरी जास्त जवळचे वाटतात, पण हेमिंग्वे जास्त निर्दय आहे आणि आज मला त्या निर्दयपणाबद्दल बोलायचं होतं.

शेवटी कॅथरीनच्या बाळंतपणात, लोझानच्या रुग्णालयात, मूल मेलेलं जन्मतं आणि रक्तस्राव होऊन तीही जाते. गोष्ट हेन्री सांगतो आहे, तीही सगळं होऊन गेल्यावर, हे इथे ध्यानात येतं. त्या बागेतल्या काठीचं वर्णन करणारा माणूस स्वतःही कुणालातरी गमावून बसलेला होता. सुरुवातीला त्याला ती थोडी वेडी वाटली होती. आता त्या वेडात तो उभा आहे.

हा शेवट हेमिंग्वेने ३९ वेळा लिहिला, असं त्याने १९५८ च्या मुलाखतीत सांगितलं. २०१२ च्या आवृत्तीत ४७ मसुदे छापले आहेत. एकात मूल जगतं. तसं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्रीला दुधाची सोय बघायला उठावं लागलं असतं, दाई शोधावी लागली असती, नाव ठेवावं लागलं असतं. वाचकही सुटकेचा निःश्वास टाकून मोकळा झाला असता. हेमिंग्वेने तो मसुदा टाकून दिला, ते बरं केलं.