काम नसताना अंबाजोगाईला

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या मराठवाड्यात पाहुण्यांच्या गावाला जायला निमित्त लागतं. लग्न, बारसं, साखरपुडा, नाहीतर दहावा-तेरावा. निमित्त नसताना दारात उभं राहिलात, तर आधी पाण्याचा तांब्या येतो आणि त्याच्या मागून प्रश्न येतो, "कामून आलात गं? समदं बरं हाय ना?" अंबाजोगाईच्या बाबतीत तर ही निमित्तं ठरूनच गेली आहेत. घरातलं कुणीतरी मोठ्या दवाखान्यात ॲडमिट असतं, किंवा लेकराची कॉलेजला ॲडमिशन असते, किंवा योगेश्वरीचं दर्शन घेऊन त्याच पावली परळीला वैजनाथाकडे जायचं असतं. अर्ध्या मराठवाड्यानं हे गाव पाहिलंय, पण ते घड्याळाकडे बघत. आज मला तुम्हाला सांगायचंय, की एकदा काहीही काम नसताना अंबाजोगाईला जा. लॉजवर उतरू नका, पाहुण्यांकडे उतरा. आणि तुमचं कुणी ना कुणी तिथं असणारच, याची मला जवळजवळ खात्री आहे. मेहुणीचा दीर म्हणा, चुलत आत्या म्हणा. थोडी शोधाशोध केली की नातं निघतं.

परळीकडून येत असाल तर घाट चढून यावं लागतं. बालाघाटच्या डोंगररांगेवर हे गाव वसलंय. या रांगेच्या एका अंगाला गोदावरीचं खोरं, दुसऱ्या अंगाला मांजरेचं. मांजरा उगम पावते तीही याच बालाघाटात, पण तिकडं पश्चिमेला, पाटोदा तालुक्यात. महाबळेश्वर पाहून आलेली माणसं म्हणतील, हा कसला डोंगर? त्यांचंही बरोबर आहे. इथं धुकं नाही, स्ट्रॉबेरी नाही आणि मॅप्रोचं दुकान तर नाहीच नाही. पण एप्रिलमध्ये खाली गंगथडीला, म्हणजे गोदाकाठी, रात्री दहा वाजता भिंती तापलेल्या असतात, तेव्हा इथं गच्चीवर गादी टाकून झोपता येतं. पहाटे चादर ओढून घ्यावी लागते. मराठवाड्यातल्या माणसाला एवढं थंड हवेचं ठिकाण पुरे आहे.

गावात रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन परळी, साधारण 25 किलोमीटरवर. तिथून एसटी मिळते. ही अडचण आहे खरी, पण मला ती फारशी बोचत नाही. रेल्वे असती तर माणसं सकाळी येऊन संध्याकाळी परत गेली असती.

माझी मावशी या गावात दिलेली. तिच्या घरात वरच्या मजल्यावर तीन खोल्या, तीनही पोरींना भाड्यानं दिलेल्या. एक नर्सिंगची, एक बीएस्सीची, एक 'नीट'ची तयारी करणारी. सकाळी सात वाजता स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलचे डबे ओळीनं मांडलेले असतात. प्रत्येक डब्याच्या झाकणावर नेलपॉलिशनं आडनाव लिहिलेलं, एका झाकणावर आडनाव खोडून नवं आडनाव लिहिलंय, म्हणजे ती मुलगी शिकून गेली आणि डबा दुसरीच्या वाट्याला आला. मावशी रीतसर मेस चालवत नाही. "नुसतं वरण-भात खाऊन अभ्यास होतो का माय?" एवढं म्हणून ती चार पोळ्या जास्तीच्या लाटते.

श्रोतेहो, शिक्षणाचं गाव कसं तयार होतं, हे मला त्या ओट्यापाशी उभं राहून कळलं. आपण संस्थांची नावं घेतो, आणि ती घ्यायलाच पाहिजेत. निजामाच्या राज्यात या गावाला मोमिनाबाद म्हणत. सरकारी शिक्षण उर्दूतून, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 पासून उर्दू माध्यमाचं. अशा काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले, त्यांच्याबरोबर बाबासाहेब परांजपे. 1938 साली स्वामीजी निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात उतरले आणि शाळा मागं राहिली, पण परांजप्यांनी गाव सोडलं नाही. पुढं 17 सप्टेंबर 1948 ला आपण निजामाच्या राज्यातून मोकळे झालो, 1958 ला मराठवाडा विद्यापीठ झालं, इथं कॉलेजं निघाली. 1970 च्या दशकात वैद्यकीय महाविद्यालय आलं, स्वामीजींच्याच नावाचं. ग्रामीण भागातलं हे आशियातलं पहिलं मेडिकल कॉलेज, असं अंबाजोगाईचा माणूस तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. तुम्ही विचारलं नसलं तरी सांगतो.

पण या शाळा-कॉलेजांत शिकणारी पोरं जेवत कुठं होती? केज, धारूर, रेणापूरच्या खेड्यांतून आलेली पोरं मामाकडे राहिली, आत्याकडे राहिली, काही वार लावून जेवली. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. आज मराठवाड्यात साठी-सत्तरीला आलेले किती मास्तर, किती डॉक्टर, किती तहसीलदार असे कुणाच्या तरी मावशीच्या ताटावर मोठे झालेत. त्या मावशांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. पुन्हा दवाखान्याचा डबा वेगळाच. गावाकडचा पेशंट ॲडमिट झाला की त्याच्या सोबतच्या माणसांचं जेवण गावातल्या पाहुण्यांकडून जातं, आणि ते महिना महिना जातं. म्हणून मला वाटतं, या घरांत काम नसतानाही जायला हवं. आजवर आपण त्यांच्याकडे कामानंच गेलोय.

आता तिथं गेल्यावर करायचं काय? पहिल्या दिवशी काही करू नये. सकाळी सुशीला खावी. पश्चिम महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी सांगते, सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाष्टा. मुरमुरे पाण्यातून काढून लगेच पिळायचे, जास्त वेळ ठेवले तर लगदा होतो. कांदा-मिरचीची फोडणी, शेंगदाणे, वरून डाळ्याचं कूट. पोह्यांपेक्षा हलकी आणि, माझ्या मते, पोह्यांपेक्षा सरस. दुपारी धपाटे-दही आणि झोप. संध्याकाळी मंडी बाजारातून एक चक्कर. कॉलेजची पोरं चहाच्या गाड्यावर उभी असतात. त्यांच्या गप्पा ऐकाव्यात. कट ऑफ, रूमभाडं, पाणी कितव्या दिवशी आलं. हो, पाणी. डोंगरावरचं गाव, त्याला धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी लागतं. धरण तळाला गेलं की लातूरबरोबर अंबाजोगाईच्याही तोंडचं पाणी पळतं. उन्हाळ्यात जाणाऱ्या पाहुण्यानं बादलीभर पाण्यात अंघोळ करावी, शॉवर विचारू नये.

दुसऱ्या दिवशी देवी. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलस्वामिनी. एवढ्या लांब कोकणातल्या माणसांची देवी मराठवाड्यात कशी, याची गोष्ट मावशी सांगते तशी सांगते. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, कोकणातून वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, इथंच. गोष्ट सांगून झाली की मावशी हमखास एक वाक्य जोडते, "उशीर कुणी केला ते मात्र कुणी सांगत नाही." देवळात तांबूल कुटण्याचा आवाज येत असेल तर थांबा. विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप असं सगळं एकजीव होईपर्यंत कुटतात. तो देवीचा प्रसाद. हातावर घेतला की तळहात लाल होतो आणि वास दुपारपर्यंत जात नाही. मार्गशीर्षातल्या नवरात्रात मात्र निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते.

देवळाजवळून जयवंती नदी वाहते. वाहते हे पावसाळ्यापुरतं. तिच्या काठाला डोंगरात कोरलेली लेणी आहेत, गावातली माणसं हत्तीखाना म्हणतात, कारण अंगणात दगडाचे मोठे हत्ती आहेत. पोरं त्यांच्यावर चढून बसतात. फोटो काढायचाच असेल तर पोरांना खाली उतरवून काढा. बाराखांबी आणि खोलेश्वराचं देऊळ, ही दोन्ही यादवांच्या काळातली. खोलेश्वर हा सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. रामाच्या नावानं देऊळ बांधलं ते त्याच्या बहिणीनं, लक्ष्मीनं. शके 1162 चा, म्हणजे 1240 चा शिलालेख तसं सांगतो. लढाया करणाऱ्यांची नावं आपल्याकडे भरपूर आहेत, भावासाठी देऊळ बांधणाऱ्या बहिणीचं नाव दगडावर टिकलेलं क्वचित सापडतं. मला त्या देवळात फार वेळ बसावंसं वाटतं.

मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर, दरीच्या कडेला. त्यांच्या विवेकसिंधू या ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे 1188 मानतात, ज्ञानेश्वरीच्या आधी शंभर वर्षं. म्हणून त्यांना मराठीचे आद्यकवी म्हणायचं. विदर्भातली मंडळी मुकुंदराजांचं गाव म्हणून तिकडच्या आंभोऱ्याचं नाव पुढं करतात आणि विद्वानांत यावरून बरीच जुंपलेली आहे. तुम्ही पाहुणे म्हणून गेलेले आहात, तेव्हा हा वाद यजमानांच्या ओसरीवर काढू नका. पायऱ्यांनी उतरा. पाऊस झालेला असेल तर समोर सगळी दरी हिरवीगार, आणि माकडं. पिशवीत केळी असतील तर ती तुमची नाहीत, असं समजून चाला.

संतकवी दासोपंत मात्र निर्विवाद इथले. जन्मले नारायणपेठला, पण राहिले आणि गेले अंबाजोगाईत, 1615 साली. त्यांनी पंचीकरण हा वेदान्ताचा ग्रंथ लिहायला कागद घेतला नाही, पासोडी घेतली. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद जाडंभरडं कापड, त्यावर ओव्या आणि आकृत्या. एका नजरेत न मावणारं पान आहे ते, वाचायचं तर चालत वाचायला हवं. आमच्या भाचरांना गाण्याच्या दोन ओळी पाठ होईनात, त्यांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, एवढं कापड धुवायचं कसं?

जाण्याचे दिवस म्हणाल तर दसऱ्याच्या आगंमागं जा. पाऊस आवरलेला असतो, डोंगर अजून हिरवा असतो आणि सीताफळं आलेली असतात. नोव्हेंबरात गेलात तर यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह असतो, शास्त्रीय गाणं ऐकायला सगळं गाव जमतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला गेलात, तर पाहुणे तुम्हाला शेतात नेतील, ताक-ज्वारीची अंबील आणि भज्जी, म्हणजे शेंगा-भाज्यांची मिसळभाजी, खाऊ घालतील. त्या दिवशी गावात सामसूम असते, दर्शन-बिर्शन विसरून जा.

पाहुण्यांकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, हे सांगायला नको. पण मिठाईचे बॉक्स नेऊ नका, घरात शिकणारी पोरं असली की मिठाई एका संध्याकाळी संपते. गावाकडची ज्वारी न्या, तूर डाळ न्या, येसर, म्हणजे आमटीचं भाजलेलं मसाल्याचं पीठ, न्या. मावशी "कशाला आणलंस?" म्हणेल आणि हातानं डाळ चाळून बघेल. घरात डबे जात असतील तर सकाळी पोळ्या लाटायला उभ्या राहा. पुरुष श्रोत्यांनाही हेच सांगते. लाटता येत नसेल तर डबे तरी पोचवा.

आणि परत येताना सीताफळं आणा. बालाघाटची सीताफळं, आपल्या बीड जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. गाड्यावरून पिकलेली घेऊ नका, प्रवासात त्यांचा चिखल होतो. डोळे उघडलेली पण हाताला टणक लागणारी घ्या. घरी आलात की तांदळाच्या डब्यात ठेवा, दोन-तीन दिवसांत पिकतात. आणि एसटीत पिशवी वरच्या फळीवर टाकू नका. घाटातल्या वळणावर ती समोरच्या माणसाच्या डोक्यावर येते. मांडीवरच घेऊन बसा.