गोरोगोरो: धोंड्यापासून बटाट्यापर्यंत

(दृश्य: उतारावरून येणारा धोंडा. मग भरून आलेलं आभाळ.)

धोंडा गडगडत खाली येतो. ढग गडगडतात. मराठीत दोन्हीकडे 'गडगड', जपानीत दोन्हीकडे 'गोरोगोरो'. म्हणताना पहिला 'गो' उंच, पुढचे तीन खाली. इथपर्यंत मराठी माणसाला काही अडत नाही.

अडतं ते पुढे. सुट्टीच्या दिवशी घरी लोळत पडलात, तर 'इए दे गोरोगोरो सुरु' ('सुरु' म्हणजे करणं). डोळ्यात कण खुपतोय, 'मे गा गोरोगोरो सुरु'. पोटात गुडगुडतंय, तेही गोरोगोरो. हे अर्थ सुटे सुटे पाठ करू नका. जड, ओबडधोबड गोळा अडखळत पुन्हा पुन्हा कलंडतोय, एवढं एकच चित्र धरा. या कुशीवरून त्या कुशीवर होणारा माणूस आणि पापणीखाली फिरणारा कण, दोघंही त्यात बसतात. आपल्या 'लोळण्या'तही तेच चित्र आहे.

जडपणा येतो 'ग'मुळे. 'ग'च्या जागी 'क' आला की 'कोरोकोरो': गोटीसारखं लहान, हलकं, सहज घरंगळणारं. 'त' आणि 'द'चंही तसंच: दारावरची टकटक 'तोनतोन', तेच दार धडाधडा बडवलं की 'दोनदोन'.

(दृश्य: गादीवर अंग टाकणारा माणूस.)

हे एकदाच घडलं, म्हणून 'गोरोन्'. 'गोरोन् तो योको नि नारु', म्हणजे आडवं होणं. इथला 'तो' हा जोडशब्द गाळता येत नाही. गोरोगोरोला मात्र तो लावला काय, न लावला काय, चालतं.

(दृश्य: मांडीवरचं मांजर, जवळून.)

सगळ्यात जास्त चुका क्रियापदात होतात. मांजर घुरघुरतंय असं सांगायचं असतं आणि तोंडून जातं 'नेको गा गोरोगोरो शिते इरु' ('शिते इरु' हे 'सुरु'चंच रूप, म्हणजे करतंय). ऐकणाऱ्याला वाटतं, मांजर लोळतंय. घुरघुरण्यासाठी घसा आणि 'वाजवणं', दोन्ही हवेत: 'नोदो ओ गोरोगोरो नारासु'. जपानीच्या दोन अक्षरमाला आहेत, काताकाना आणि हिरागाना: लिहिताना आवाजासाठी बहुधा काताकाना, लोळण्यासाठी हिरागाना. पण हा पक्का नियम नव्हे.

'गोरोगोरो इरु' ('इरु' म्हणजे असणं) म्हणजे एखाद्या प्रकारची माणसं पैशाला पासरी. वाटेत धोंडे विखुरलेले असतात ना, तशी.

(दृश्य: जपानी करीची वाफाळती बशी.)

करीच्या पाकिटावर 'गोरोगोरो' दिसलं, तर आत भाज्यांच्या मोठाल्या फोडी असणार. बटाटा रश्श्यात विरघळून गेलेला नाही, चमच्याला अडतोय.