वेग वाढवलात, उत्तराचं काय?

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बरेचजण विज्ञान दिनाला खोडदला जाऊन जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना पाहून आले असतील. सी-डॅक या सरकारी संस्थेचा परम ८००० हा महासंगणक तर १९९१ साली याच शहरात उभा राहिला. त्यामुळे मोठी आकडेमोड म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठी संस्था येते आणि थंडगार हॉल येतो. मी मात्र आज पेठेतल्या दोन खोल्यांत पलंगाशेजारी रात्रभर घोंघावणाऱ्या संगणकाच्या कॅबिनेटबद्दल बोलणार आहे.

एक मोठं काम बारीक तुकड्यांत तोडायचं, हजारो लोकांच्या घरी पाठवायचं आणि उत्तरं गोळा करायची, एवढीच ही कल्पना. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या, शोधण्यासाठी ‘गिंप्स’ सुरू केलं. १९९९च्या मे महिन्यात बर्कलीहून ‘सेटी अ‍ॅट होम’ आलं. अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींत परग्रहावरच्या कुणाची हाक आहे का, ते आपल्या स्क्रीनसेव्हरमागे तपासलं जायचं. २०२०च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, प्रथिनांच्या घड्यांचा असाच घरोघरी अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’मध्ये इतके लोक शिरले की सगळ्यांचा मिळून वेग सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींपलीकडे गेला. तेव्हाच्या कुठल्याही एका महासंगणकाला ते जमत नव्हतं.

आता ज्याला असा छंद लागतो, त्याला दुसराही लागतोच, तो म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, प्रोसेसरला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं. जुन्या मंडळींना सेलेरॉन ३००ए आठवत असेल. १९९८चा, ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. मदरबोर्डवर बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग ६६ वरून १०० केला की तोच ४५०वर पळायचा. दीडपट वेग, जादा पैसे न मोजता! मग हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) मोठा करा, व्होल्टेज थोडं चढवा, कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावा. आणि गेम न अडखळता चालला की जाहीर करा: मशीन स्टेबल आहे.

इथेच माझं भांडण आहे. गेममध्ये एखादा ठिपका क्षणभर चुकीच्या रंगाचा आला तर कुणाला दिसतो? पुढच्या चित्रात तो पुसलाही जातो. गिंप्सच्या गणितात चूक पुसली जात नाही. कशी, ते फळ्यावरच पाहू.

३१ ही संख्या म्हणजे २चा पाचवा घात वजा १. ती मूळ आहे का? लुकास-लेमर कसोटी सांगते: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, ३१ने भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा करत राहा. ४चे झाले १४. १४चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ८. ८चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. आता समजा तापलेल्या प्रोसेसरने १४च्या जागी १५ लिहिले. १५चा वर्ग २२५, त्यातून २ गेले, २२३, बाकी ६. पुढे ३६ वजा २, बाकी ३. शून्य नाही! म्हणजे ३१ मूळ नाही, असा निकाल. संगणक हँग झाला नाही, ब्लू स्क्रीन आली नाही, अगदी शांतपणे खोटं उत्तर सर्व्हरकडे गेलं. चुकीची दिशाही पाहा. शून्य चुकून येणं जवळपास अशक्य, पण असलेलं शून्य हरवणं अगदी सोपं. शेजारच्या मशीनने शोध लावल्याचा खोटा डांगोरा पिटण्याची भीती फारशी नाही. भीती आहे ती खरा शोध हातातून निसटण्याची.

इथे आपल्याला तीन पायऱ्या लागल्या. २०२४च्या ऑक्टोबरात सापडलेल्या मूळ संख्येचा घातांक आहे १३,६२,७९,८४१ आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिथे अशा तेरा कोटींहून जास्त पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी. प्रोग्राम अगदीच आंधळा नसतो. गुणाकार अपूर्णांकांत होतो आणि शेवटी उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणलं जातं. ते पूर्णांकापासून फार लांब असलं तर गिंप्सचा प्रोग्राम, प्राइम९५, तिथल्या तिथे ओरडतो. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांना ‘राउंडिंग ०.५’ हा लाल शेरा चांगला ओळखीचा आहे, कारण मशीनला छळून पाहायला ते हाच प्रोग्राम वापरतात. पण सगळ्या चुका या चाळणीत अडकत नाहीत. म्हणून वर्षानुवर्षं प्रत्येक संख्या दोन वेगवेगळ्या संगणकांवर तपासली गेली आणि भागाकारात शेवटी उरलेल्या ‘बाकी’चे अखेरचे ६४ बिट जुळवले गेले. नाही जुळले तर तिसरा संगणक. तुम्ही दहा टक्के वेग वाढवून एकच उत्तर चुकवलंत, तरी दुसऱ्या कुणाला तरी ते सबंध काम पुन्हा करावं लागणार.

यातून सुटका केली ती रॉबर्ट गेर्बिच यांनी, २०१७ साली. मूळ संख्यांची आणखी एक कसोटी आहे, तिच्यात ३चा वर्ग, मग त्या वर्गाचा वर्ग, असं करत जातात. गेर्बिच यांनी दाखवलं की मधल्या ठरावीक पायऱ्यांचा गुणाकार बाजूला साठवत गेलं, तर अधूनमधून दोन वाटांनी तीच संख्या काढून ताळा घेता येतो. जादा मेहनत एक टक्क्याहूनही कमी. ताळा जमला नाही तर शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर मागे यायचं आणि पुढे चालायचं. २०२०पासून उत्तराबरोबर एक लहानसा पुरावाही पाठवता येतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकाला सगळं काम पहिल्यापासून करावं लागत नाही. द्रव नायट्रोजन ओतून केलेल्या वेगाच्या विक्रमांना लोक टाळ्या वाजवतात. माझ्या हिशेबी या एका ताळ्याने त्या सगळ्या विक्रमांपेक्षा जास्त संगणक कामाला लावले.

वेग न वाढवलेला प्रोसेसर निर्दोष असतो असंही समजू नका. १९९४ साली गणितज्ञ थॉमस नाइसली जुळ्या (दोनच्या फरकाच्या) मूळ संख्यांचे व्यस्तांक मिळवत होते, आणि त्यांना इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकारच चुकतोय असं आढळलं. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. २०१६च्या सुरुवातीला प्राइम९५ चालवणाऱ्या हौशी मंडळींनीच दाखवून दिलं की इंटेलचाच स्कायलेक प्रोसेसर एका विशिष्ट कामात गोठतो. तो दोष बायॉसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, अपडेटने दूर झाला.

आता पुण्याचं बोला. मे महिन्यात खोलीतच ३८-४० अंश असताना प्रोसेसर थंड कसा करणार? पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. विजेचा हिशेब असा, की खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा टक्के चढवलेत तर ३३ टक्के जास्त वीज आणि तेवढीच जास्त उष्णता. दोन्ही दहा टक्के उतरवलेत तर २७ टक्के बचत. अडीचशे वॉटचं मशीन अहोरात्र चाललं तर दिवसाला सहा युनिट, महिन्याला १८०. महावितरणचा स्लॅब बदलायला तेवढे पुरे, आणि बिल बहुधा वडिलांच्या नावावर असतं! (हशा) गुरुवारी लाइट जाते, तेव्हा टप्प्याटप्प्याला काम सेव्ह होतंय ना, तेही बघून ठेवा.

मागून चिठ्ठी आली आहे: ‘सापडली तर पैसे किती?’ गिंप्सकडून तीन हजार डॉलर. पण २०२४ची संख्या घरच्या पीसीवर सापडलेली नाही. ल्यूक ड्युरंट यांनी १७ देशांतल्या डेटा सेंटरमधली हजारो ग्राफिक्स कार्डं भाड्याने घेऊन ती शोधली आणि बक्षीस शाळेला देऊन टाकलं. तेव्हा पैशाच्या आशेने येऊ नका. आकड्यांचं वेड असेल तर या. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता कापरेकर गुरुजींनी ६१७४ची गंमत शोधली, तीही कुणी पैसे देतंय म्हणून नव्हे.

घरी गेल्यावर आधी बायॉसमधलं सगळं ओव्हरक्लॉकिंग काढा. एक रात्र आणि एक भर दुपार प्राइम९५ची छळचाचणी चालू द्या. ती निभावली, की पहिलं काम म्हणून नवी संख्या मागू नका, कुणीतरी आधी तपासलेली फेरतपासणीची संख्या मागा. तिचं उत्तर जुळलं, की मग व्होल्टेज थोडं थोडं कमी करत जा.