खुर्ची कुणाचीच नसते तेव्हा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सामायिक कार्यालयाचं फर्निचर: खुर्च्या, टेबलं आणि मांडणी’. वेळ पाऊण तास, म्हणजे तिन्हींपैकी प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं. हा हिशेब पाळला जाणार नाही, हे आधीच कबूल करतो. आत्ता तुम्ही ज्या खुर्च्यांवर बसलात त्या निवडणाऱ्याने एकच गोष्ट पाहिली असणार: एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवता येतात का? सभागृहाला ते पुरतं. अर्ध्या तासाने तुमची चुळबुळ सुरू होईल, आणि वक्त्याला तो इशारा उपयोगी पडतो. (हशा)

घरी एक माणूस आणि एक खुर्ची. घेतल्या दिवशी तो चार दांडे ओढतो, मुठी फिरवतो, आणि मग वर्षभर तिला हात लावत नाही. सामायिक जागेत सकाळी ९० किलोचे गृहस्थ बसतात, दुपारी त्याच खुर्चीत ५० किलोच्या बाई. तिथे खुर्ची कुणाचीच नसते. माझा हट्ट एवढाच आहे की अशा ठिकाणी अनोळखी माणसाला खुर्ची किती सेकंदांत जुळते ते मोजा. मी दहा सेकंदांवर रेघ मारतो. दुकानात ‘बारा ॲडजस्टमेंट आहेत’ असं अभिमानाने सांगतात, तेव्हा समजा की रोज सकाळी बारा गोष्टी चुकीच्या जागी सापडणार.

कुणी म्हणेल, मग सरासरी माणसाच्या मापाची घ्या, सगळ्यांना थोडीथोडी बसेल. १९५० साली अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांची मापं घेतली. त्यातल्या ४,०६३ जणांची दहा-दहा मापं तिथले संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ताडून पाहिली. प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत बसला तो सरासरी, इतकी सैल व्याख्या होती. तरी दहाही मापांत सरासरी निघाला असा एकही वैमानिक नव्हता. तेव्हा सरासरी माणसासाठी घेतलेली खुर्ची रिकामीच राहील.

आता माझी जुनी तक्रार. बैठकीखाली पुढच्या बाजूला एक जाड गोल मूठ असते, बहुतेकांनी ती पाहिलेलीच नसते. मागे रेललं की पाठ किती जोराने परत ढकलणार, ते ती ठरवते. आतल्या स्प्रिंगचा ताण हलक्यापासून जडापर्यंत न्यायला बऱ्याच खुर्च्यांत दहा-बारा पूर्ण फेरे लागतात. रेललेल्या स्थितीत ती फिरत नाही, कारण स्प्रिंगवर भार असतो. म्हणून ताठ बसायचं, पुढे वाकायचं, हात मांड्यांच्या मधून खाली घालायचा आणि पिळत राहायचं. चारचौघांत हे कोण करणार? (हशा) शिवाय घट्ट करायला कुठल्या बाजूला फिरवायचं ते मुठीवर कोरलेलं असतं, काळ्यावर काळं.

मग होतं काय? ९० किलोंसाठी आवळलेल्या खुर्चीत ५० किलोच्या बाई बसल्या की पाठ त्यांना पुढे लोटते. त्या टेकतच नाहीत, दिवसभर बैठकीच्या काठावर बसतात. उलटं झालं की ते गृहस्थ एकदम मागे कोसळल्यासारखे जातात, दचकतात आणि पाठ सरळ करून खटका लावून टाकतात. तो खटका पुन्हा कुणी काढत नाही. कुठल्याही सामायिक कार्यालयात संध्याकाळी खुर्च्या मोजा, बऱ्याचशा सरळ कुलूपबंद सापडतील. ज्या यंत्रणेसाठी जास्तीचे पैसे मोजले, ती बंद!

यावर तोड आहे, आणि ती नवीनही नाही. अमेरिकी डिझायनर नील्स डिफ्रिएंट यांनी १९९९ साली आणलेल्या ‘फ्रीडम’ खुर्चीत ताणाची मूठच नाही. रेललात की बैठक थोडी वर उचलली जाते, म्हणजे बसणाऱ्याचं वजनच त्याला तोलून धरतं. वजन जास्त तर विरोध जास्त, आपोआप. हे तत्त्व आता इतरही बनावटीत मिळतं, दुकानात ‘वजनावर चालणारं मेकॅनिझम’ म्हणून मागा. खोट एकच: धड लांब आणि पाय बारीक अशा माणसाला पाठ जरा सैल वाटते, आणि काहींत बारीक जुळवणीची सोय नसते. एका मालकाच्या खुर्चीत मला ते चालणार नाही. इथे चालतं.

आता खुर्चीच्या हातांचं ऐका, कारण इथे साधी बेरीज चुकते. टेबल ७३ सेंटिमीटर उंच, फळी अडीच, खालची लोखंडी पट्टी ४. खाली मोकळी जागा उरली साडेसहासष्ट. बैठक ४६ वर आणि हात सगळ्यांत खाली केले तरी बैठकीपासून २० वर, म्हणजे ६६. अर्ध्या सेंटिमीटरने खुर्ची आत गेली. आता बुटक्या माणसाने बैठक ५० वर नेली की हात ७० वर, टेबलाच्या कडेला धडक. मग खुर्ची वाटेत उभी राहते आणि हातांच्या गाद्या फाटतात. चारही दिशांना फिरणारे हात तर नकोच, उठताना रेटा बसला की गाद्या वेड्यावाकड्या होतात. वर-खाली होणारे पुरेत, पण ते किती खाली जातात ते स्वतः टेप लावून मोजा.

बुटक्या माणसाचं निघालंच आहे तर तेही मांडतो. उंची १५० सेंटिमीटर. बुटांसकट पाय टेकायचे तर बैठक साधारण ४० वर हवी, कोपर त्याच्या वर २२, म्हणजे ६२. टेबल ७३ वर. हात टेबलाला जुळवायला बैठक ११ ने उचलली की पाय ११ ने लोंबकळले. म्हणून दर पाच-सहा जागांमागे एक पायपाट ठेवा, १० ते १२ सेंटिमीटर उंचीचा, खरखरीत पृष्ठाचा. नाहीतर माणूस चाकांच्या पंजावर पाय ठेवतो आणि बैठकीच्या काठाने मांडीखाली रग लागते.

खुर्ची आपोआप खाली बसते, ही तक्रार सगळ्यांची. बाजारात त्या नळीला हायड्रॉलिक म्हणतात, पण उचलतो तो आत दाबलेला नायट्रोजन. सील झिजलं की वायू निसटतो, आणि हे लवकर होतं ते दाणकन बसणाऱ्यांमुळे आणि एकाच कडेवर भार टाकणाऱ्यांमुळे. नळी स्क्रूने बसवलेली नसते, दोन्ही टोकांना निमुळती असते आणि वजनानेच घट्ट रुतते. खुर्ची उलटी करा, पंजा हातोडीने ठोकून सोडवा, मग पाइप पान्ह्याने नळी पिळून वरच्या यंत्रणेतून काढा. नळी कापू किंवा भोसकू नका, आत दाब असतो. नवी घालताना निमुळत्या भागाला ग्रीस लावू नका, रुतणारच नाही. बाहेरून ५० मिलिमीटर, दांडा २८, चाकाची खिळी ११: ही रूढ मापं असतील तर सुटे भाग कुठेही मिळतात. खास घडणीची खुर्ची असेल तर एका चाकासाठी खोळंबा. चाकं मात्र जमिनीप्रमाणे घ्या, फरशीवर मऊ आणि गालिच्यावर टणक.

‘बिफ्मा सर्टिफाइड’, म्हणजे अमेरिकी फर्निचर उत्पादकांच्या संघटनेच्या चाचणीत उतरलेली, असं ऐकलंत की विचारा, काय सर्टिफाइड? बऱ्याचदा ती चिठ्ठी फक्त नळीची किंवा पंजाची असते. चाचणीचा अहवाल संपूर्ण खुर्चीचा मागा. आणि बिफ्माची खुर्च्यांसाठीची एक्स ५.१ चाचणी एका पाळीचा, आठ तासांचा वापर धरून आखलेली आहे. दोन पाळ्यांत बसणार असाल तर आयुष्याचा हिशेब त्याप्रमाणे कापा. चोवीस तास चालणाऱ्या जागांसाठी बीएस ५४५९ या ब्रिटिश मानकात वेगळी चाचणी आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. टेबलं आणि मांडणी, दोन्ही! (हशा) बरं, पळतो.

टेबलाची खोली मॉनिटर असेल तर किमान ७०, नुसता लॅपटॉप असेल तर ६० सेंटिमीटर. रुंदी माणशी १२०, त्याहून कमी केलीत तर कोपर कोपराला लागतं. पाय कोपऱ्यात हवेत; दोन माणसांच्या मध्ये आला की एकाचा गुडघा ठरलेला. फळी पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली असेल तर २५ मिलिमीटर जाड आणि कडेला २ मिलिमीटरची पट्टी. वायरीसाठी पाडलेल्या भोकाची कड उघडी ठेवतात, तिथे पाणी मुरतं आणि फळी फुगते. ती कड सीलरने बंद करून घ्या. भुशात पिळलेला स्क्रू एकदा काढला की दुसऱ्यांदा धरत नाही, म्हणून पायांसाठी धातूचे इन्सर्ट बसवून घ्या.

वर-खाली होणारी टेबलं घेणार असाल तर सगळ्यांत खालची उंची बघा. दोन टप्प्यांचे पाय बहुधा ७० च्या आसपास अडकतात, तीन टप्प्यांचे ६२ पर्यंत उतरतात. आपल्या १५० सेंटिमीटरवाल्याला तीन टप्प्यांचेच हवेत.

बसणाऱ्याच्या मागे भिंत असेल तर टेबलापासून ९० सेंटिमीटर मोकळी, मागून कुणी जाणार असेल तर १२०, पाठीला पाठ लावून मध्ये वाट असेल तर १८०. नकाशात हे खुर्ची बाहेर ओढलेली धरून मोजा, आत सरकवलेली धरून नाही.

आणि घेण्याआधी दोन-तीन नमुने मागवून दोन आठवडे वापरात ठेवा. सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बुटका माणूस बोलवा, काही न सांगता बसवा, घड्याळ लावा. नंतर खुर्ची उलटी करून बघा, हातांचे बोल्ट धातूच्या आट्यांत जातायत की प्लास्टिकच्या. वीस खुर्च्यांमागे एक नळी आणि पाच चाकं सुटी घेऊन ठेवा. तीन महिन्यांनी सगळे बोल्ट आवळा; एम६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला बहुधा ५ मिलिमीटरची ॲलन की लागते, एम८ ला ६ ची. हां, चिठ्ठी पुन्हा आली. प्रश्न बाहेर विचारा, तिथे उभं राहून बोलू.