कवच तडकण्याचा आवाज

नमस्कार श्रोतेहो.

आज मला तुमच्याशी एका आवाजाबद्दल बोलायचं आहे. आवाज फार बारीक आहे, पंखा चालू असला तर विरून जाईल इतका. ओव्हनमधून नुकताच काढलेला ब्रेड जाळीवर ठेवला, की मिनिटभरात तो तडतडायला लागतो. वाळलेल्या पानांवरून कुणी हलक्या पावलांनी चालत जावं तसा. फ्रान्समधले बेकर या आवाजाला म्हणतात, ब्रेड गातोय.

मी तो पहिल्यांदा ऐकला पॅरिसमध्ये. मी आणि माझी ताई, दोघीच गेलो होतो. सकाळी सातच्या सुमाराला एका बेकरीच्या रांगेत उभ्या होतो. आतून एक जण टोपलीत उभे लावलेले बगेत, म्हणजे काठीसारखे लांब ब्रेड, घेऊन आला आणि टोपली आमच्या अगदी जवळ, काउंटरच्या कडेला टेकवली. रांगेत कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे ऐकू आलं. ताईने माझा दंड धरला आणि डोळ्यांनीच टोपलीकडे खूण केली. बाहेर येऊन आम्ही बगेतचं टोक मोडलं. आधी कवच करकरलं, मग आतून वाफ आली आणि मग तो किंचित आंबूस, भाजल्या गव्हाचा वास. पुढे दुपारचं जेवण एका नामांकित रेस्टॉरंटमध्ये झालं. छान होतं, पण त्यातला एकही पदार्थ मला आज नीट आठवत नाही. ते टोक मात्र आठवतं.

तुम्ही पॅरिसला गेलात तर एक करा. बेकरीत नुसतं 'बगेत' मागू नका, 'त्रादिस्यों' मागा. 1993 साली फ्रेंच सरकारने एक हुकूम काढला. 'पारंपरिक फ्रेंच ब्रेड' या नावाने जे विकायचं, ते कुठल्याही टप्प्यावर गोठवलेलं नसावं आणि त्यात रासायनिक भर नसावी. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, मुळात एवढंच. 1998 मध्ये आणखी एक कायदा झाला. जिथे पीठ मळलं जातं आणि जिथे ब्रेड भाजला जातो त्याच दुकानाला 'बुलांजरी' अशी पाटी लावता येते. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. अख्ख्या देशाने बसून ठरवलं की रोजच्या ब्रेडच्या बाबतीत फसवणूक चालणार नाही. शहरातला सर्वोत्तम बगेत निवडायची स्पर्धा पॅरिसमध्ये दरवर्षी होते आणि जिंकणारा बेकर वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाला ब्रेड पुरवतो. 2022 साली बगेत करण्याच्या कलेची नोंद युनेस्कोनेही घेतली.

तेव्हापासून मला सवय लागली. कुठल्याही देशात, कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये गेले की मेन्यू उघडायच्या आधी मी ब्रेडची टोपली बघते. मुख्य पदार्थावर सगळ्यांचं लक्ष असतं, तिथे स्वयंपाकी जीव ओततोच. टोपलीतला ब्रेड चांगला असेल, तर त्या स्वयंपाकघरात कुणीतरी आदल्या दिवशीपासून आपली तयारी करत होतं असं समजा. फ्रान्समधल्याच लिऑंमध्ये 'बूशों' म्हणतात अशी छोटी, दाटीवाटीची खानावळवजा रेस्टॉरंट आहेत. तिथे माशाच्या केनेल, म्हणजे मऊ लांबट गोळे, मागवल्या होत्या. केनेल संपल्या, बशीत सॉस उरला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी स्वतःच्या ब्रेडचा तुकडा सॉसमधून फिरवून मला दाखवला, असं खायचं म्हणून. बशी लख्ख झाली.

लिस्बनला मात्र टोपलीकडे जरा डोळसपणे बघा. तुम्ही न मागताच ब्रेड, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. त्याला 'कुव्हेर्त' म्हणतात. हात लावलात तर बिलात लागतं, नको असेल तर परत पाठवता येतं, कुणी वाईट मानत नाही. मी परत पाठवत नाही. आणि तिथला वेटर त्या ब्रेडला जे म्हणतो ते कान देऊन ऐका, 'पांव'. आपल्या भाषेतला पाव हा शब्द तिथूनच आलेला.

लिस्बनच्या बेलेंग भागात 1837 पासून एक दुकान चालू आहे, कस्टर्डच्या छोट्या टार्टचं. जवळच्या जेरोनिमोस मठाची ती पाककृती असं सांगतात. मठांत आणि कॉन्व्हेंटांत कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा भाग वापरत, मग उरलेल्या पिवळ्या बलकांचं करायचं काय, म्हणून पोर्तुगालमध्ये बलकाच्या गोड पदार्थांची एवढी रेलचेल झाली, अशी त्यामागची कथा. गरम टार्टवर दालचिनी भुरभुरायची, वरचे काळे डाग करपट-गोड लागतात आणि तळाचे पापुद्रे दातांखाली चुरतात. घरी मी ती चार वेळा केली. वरती डाग पडेपर्यंत आतलं कस्टर्ड फाटायचं. घरचा ओव्हन 250 अंशांपर्यंत जातो, तिथल्या भट्ट्या त्याहून कितीतरी जास्त तापतात. नेपल्सच्या पिझ्झाचंही तेच. तो 430 ते 480 अंशांना, अवघ्या दीड मिनिटाच्या आत तयार होतो. या दोन्ही गोष्टींचा नाद मी सोडला. त्या तिथे जाऊनच खायच्या.

ब्रेडचा नाद मात्र सोडवेना.

पहिले सहा-सात ब्रेड मी केले ते सगळे एकसारखे बिघडले. पीठ छान फुगायचं, ओव्हनमध्ये जाईपर्यंत सगळं ठीक असायचं. बाहेर यायचा तो फिकट, करडा, चामड्यासारख्या सालीचा गोळा. एका बाजूने फाटलेला. चवीला वाईट नव्हता, पण गप्प होता. जाळीवर ठेवून कान लावला तरी काही नाही. मी यीस्ट बदललं, मैदा बदलला, जास्त मळलं, कमी मळलं. चूक पिठात नव्हतीच. ओव्हनमध्ये वाफ नव्हती.

ही वाफ म्हणजे काय, ते जरा सांगते, कारण सगळं इथेच आहे. कच्चा गोळा गरम ओव्हनमध्ये जातो तेव्हा आतली हवा आणि वायू झपाट्याने पसरतात आणि पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ब्रेड शेवटचा एकदा फुगतो. त्या वेळी वरची साल ओली आणि लवचिक हवी. ओव्हन कोरडा असेल तर साल आधीच सुकून घट्ट होते, आतला जोर तिला उचलू शकत नाही आणि जिथे कमकुवत जागा सापडेल तिथून ती फाडते. वाफ असेल तर ती थंड गोळ्यावर दवासारखी बसते. पृष्ठभागावरचा स्टार्च शिजून त्याचा पातळ, चकचकीत थर होतो. मग वाफ जाऊ द्यायची. आता तोच थर सुकतो, तांबूस होतो, खरपूस होतो. या तांबूसपणामागची रासायनिक क्रिया 1912 मध्ये लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडली.

गंमत म्हणजे पॅरिसला वाफेच्या भट्टीची ओळख एका ऑस्ट्रियन माणसाने करून दिली. ऑगुस्ट झांग त्याचं नाव, तोफखान्यातला माजी अधिकारी. 1838-39 च्या सुमाराला त्याने पॅरिसमध्ये व्हिएन्नाच्या धर्तीवर बेकरी काढली आणि तिथले चकाकणारे पाव बघायला लोक लोटले. क्रोसाँसारख्या सगळ्या प्रकारांना फ्रेंचमध्ये आजही 'व्हिएन्वाझरी' म्हणतात ते त्यामुळेच.

आता घरात वाफेची भट्टी कुठून आणायची? उत्तर न्यूयॉर्कमधून आलं. 2006 मध्ये तिथल्या जिम लेही या बेकरची एक पद्धत वर्तमानपत्रात छापून आली आणि जगभर पसरली. बीडाचं जाड भांडं घ्यायचं, झाकणासकट. गोळ्यातून जे पाणी निघतं त्याचीच वाफ झाकणाखाली कोंडते. बस्स. प्रमाण लिहून घ्या. 400 ग्रॅम मैदा, 300 ग्रॅम पाणी, 8 ग्रॅम मीठ आणि पाव चमचा कोरडं यीस्ट. चमच्याने कालवा, मळू नका. झाकून 12 ते 18 तास ठेवा, हवा गरम असेल तर कमी. वर बुडबुडे दिसले आणि पीठ डुचमळायला लागलं की तयार. ते पिठी लावलेल्या ओट्यावर काढा, कडा आत दुमडून गोळा करा आणि फडक्याखाली तास-दोन तास विसावू द्या. त्यातल्या शेवटच्या अर्ध्या तासात भांडं 230 अंशांना रिकामंच तापवा. गोळा अलगद आत सोडा, हात सांभाळून. अर्धा तास झाकण ठेवून, मग पंधरा-वीस मिनिटं झाकण काढून. रंग गडद होऊ द्या. बहुतेक जण इथे घाबरून लवकर काढतात. घाबरू नका.

वाफेचं दुसरं टोक मी आइसलंडमध्ये पाहिलं. लाऊगारव्हात्न नावाच्या तळ्याकाठी काळी वाळू आहे आणि तिच्याखाली पाणी उकळत असतं. राईचं गोडसर पीठ भांड्यात भरतात, भांडं घट्ट गुंडाळून वाळूत पुरतात आणि वर खुणेला दगड ठेवतात. 24 तासांनी फावड्याने उकरून काढतात. त्या ब्रेडला कवच नावालाही नसतं. सगळीकडून सारखाच तपकिरी, ओलसर, केकसारखा. गरम तुकड्यावर लोणी घालून दिलं, ते बघता बघता विरघळलं, वर धुरावलेल्या ट्राउट माशाची चकती. थंडीने बोटं आखडली होती, तरी हातमोजे काढूनच खाल्ला.

आणि जॉर्जियातलं तिबिलिसी. तिथल्या गल्लीत तळघराच्या पायऱ्या उतरून गेलं की 'तोने' असते, मातीची रांजणासारखी भट्टी. बेकर कमरेतून वाकून जवळजवळ अर्धा आत जातो आणि होडीसारखा लांबट गोळा तापलेल्या भिंतीवर थापतो. काही मिनिटांनी लोखंडी सळईने सोडवून काढतो. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत केस नव्हते, सगळे होरपळून गेलेले. त्याने 'शोती' माझ्या हातात दिली तेव्हा ती धरवत नव्हती, तर त्याने हसून कागदाचा तुकडा फाडून दिला. त्या रात्री रेस्टॉरंटमध्ये चीजने भरलेली, वर अंडं फोडलेली खाचापुरी खाल्ली. कडा तोडायची, चीज-बलकात बुडवायची. सुंदर होती. पण दिवसभर जिभेवर शोतीच राहिली होती.

झाकणाच्या भांड्यातला माझा पहिला ब्रेड एका रविवारी संध्याकाळी झाला. झाकण काढलं तेव्हाच कळलं, तो वर आला होता, चिरेतून उमलला होता. रंग चढेपर्यंत ओव्हनच्या काचेसमोर बसून राहिले. जाळीवर ठेवला, पंखा बंद केला. आतली वाफ निवायला लागली, आतला मऊ भाग आकसायला लागला आणि कडक झालेलं कवच त्याच्याबरोबर वाकेना. तडकायला लागलं. आधी एक, मग दोन, मग सरसर.

मी ताईला फोन लावला आणि काही न बोलता तो ब्रेडजवळ धरला. बराच वेळ पलीकडून काहीच नाही. शेवटी मीच विचारलं, "ऐकू येतंय का गं?"

ती म्हणाली, "तू गप्प बस जरा."