डोळ्यातला ठिपका

श्रावणात लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत गेलात तर अंगाचं रंगकाम झालेल्या मूर्ती ओळीने उभ्या दिसतात, आणि सगळ्यांचे डोळे कोरे. डोळ्यांची आखणी शेवटी. बारीक ब्रशने पापणी, बुबुळ, बाहुली, आणि सगळ्यात शेवटी त्यावर एक पांढरा ठिपका. तो टेकला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. मी कॅमेरा धरायला स्टुडिओत शिकलो खरा, पण डोळ्याचा फोटो म्हणजे काय ते मला त्या कारखान्यात कळलं. आज त्याबद्दलच तुमच्याशी बोलायला आलोय.

तो ठिपका म्हणजे समोरच्या उजेडाचं प्रतिबिंब. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, कॉर्निया, ओला आणि फुगीर असतो. समोर खिडकी असो, आभाळ असो की दिवा, ते तिथे इवलंसं होऊन दिसतं. आम्ही फोटोग्राफर त्याला कॅचलाइट म्हणतो. तो नसेल तर कितीही महागडी लेन्स लावा, माणूस झोपेतून उठल्यासारखा दिसतो. म्हणून मी कॅमेरा उचलण्याआधी समोरच्याच्या डोळ्यात बघतो: ठिपका आहे का, आणि कुठे आहे?

मुंबईत हा उजेड शोधायला लांब जावं लागत नाही. भर दुपारी मरीन ड्राइव्हला उभं केलंत तर भुवयांची सावली पडून डोळे खोबणीत बुडतात. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखालीही तेच. पण चाळीची गॅलरी घ्या. माणसाला खोलीच्या दारात, उंबरठ्याच्या जरा आत उभं करा, तोंड बाहेर. वर छप्पर, समोर मोकळं आभाळ. याहून चांगला सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्याचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, मला अजून कुठल्या दुकानात मिळालेला नाही. आता माणसाला थोडं कडेला वळवा, म्हणजे उजेड तिरपा येईल आणि बुबुळातल्या रेषा दिसू लागतील. आपल्याकडे कौतुकाने काळेभोर डोळे म्हणतात. असा उजेड पडला की ते बहुतेक वेळा तपकिरी निघतात, चहाच्या अर्कासारखे.

फोकसचं थोडक्यात सांगतो. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 85 मिलिमीटरची लेन्स, तिचं छिद्र एफ 1.8 (आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), माणूस दीड मीटरवर. अशा वेळी स्पष्ट दिसणारी पट्टी जेमतेम 3 सेंटीमीटर जाडीची असते. दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण 6 सेंटीमीटर. चेहरा अर्धा वळला की लांबचा डोळा त्या पट्टीबाहेर गेलाच. मग फोकस जवळच्या डोळ्यावर हवा, आणि पापणीच्या केसांवर नको, बुबुळावर हवा. हल्लीचे कॅमेरे डोळा आपोआप शोधतात, पण कोणता डोळा, हे एकदा बघून घ्या. दोन्ही हवे असतील तर छिद्र एफ 4 पर्यंत बंद करा. चष्मा असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. काचेवरची चमक बहुधा सरकते.

प्राण्यांकडे येऊ. इथे पहिली अट गुडघ्यांची आहे. भाऊच्या धक्क्यावरची मांजर उभ्याने टिपलीत तर तिचं डोकं येतं, डोळे येत नाहीत. खाली बसा, मासळीचं पाणी लागेल, लागू द्या. उन्हात मांजराची बाहुली उभ्या चिरेएवढी होते आणि बिचारी उगाच क्रूर दिसते. टोपल्यांच्या सावलीत तीच बाहुली गोल होते. शेळीची बाहुली आडवी. बकरी ईदच्या आधी देवनारच्या बकऱ्यांच्या बाजारात गेलात तर एक गंमत बघा: शेळी चरायला मान खाली घालते तेव्हा तिचा डोळा खोबणीत फिरतो आणि ती आडवी फट जमिनीला समांतरच राहते. कावळा मात्र परीक्षा घेतो. काळ्या पिसांत काळा डोळा, ठिपका नसेल तर डोळा आहे की नाही तेच कळत नाही. त्यात मधेच एक धुरकट आतली पापणी सर्रकन फिरते, म्हणून एकावर थांबू नका, पाच-सहा फोटो सलग घ्या.

रात्री कुत्र्या-मांजरांचे डोळे हिरवे-पिवळे पेटतात, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागे टॅपेटम ल्युसिडम नावाचा आरशासारखा थर असतो. माणसात तो नाही; आपला फ्लॅश मागच्या रक्ताने भरलेल्या थरावरून परततो, म्हणून लग्नाच्या अल्बममध्ये मामा लाल डोळ्यांचे. दोन्हींवर उपाय एकच, फ्लॅश लेन्सपासून दूर न्या. संजय गांधी उद्यानातल्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंत बिबट्याचे डोळे असेच पेटलेले दिसतात. तिथे ते चालतं, कारण बिबट्या ओळखायचा असतो अंगावरच्या ठशांवरून. आरे कॉलनीत बिबट्यामागे हौसेने फ्लॅश मारत फिरणाऱ्यांना मात्र मी फोटोग्राफर म्हणत नाही.

संगणकावर डोळ्याचा पांढरा भाग दुधासारखा करू नका, असं मी सांगतो. का, ते ऐका. वर्सोव्याच्या एका कोळीणमावशींचा फोटो मी काढला होता. वर्षानुवर्षं उन्हात, वाऱ्यात बसून त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांस वाढलेलं. मी ते सफाईने पुसलं आणि मोठी प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी ती हातभर लांब धरली आणि म्हणाल्या, "ह्यो माजा डोला नाय." मुकाट्याने परत आलो, मूळ फोटोवरून नवी प्रिंट काढली. ती त्यांनी बराच वेळ बघितली, मग बाहुलीवर नख टेकवलं. "ह्यो कोन?" वाकून पाहिलं. कॅचलाइटच्या मधोमध मीच उभा होतो, कॅमेरा आणि पांढऱ्या शर्टासकट. आज गडद शर्ट घालून आलोय, तो तेव्हापासूनचाच.