हक्क मोजायच्या आधी नागरिक कोण ते बघा

नमस्कार मंडळी. शेजारी देश म्हटलं की आपल्याकडे चर्चा दहा मिनिटांत पाकिस्तानवर जाते आणि मग तिथून काही हलत नाही, म्हणून आज मी पाकिस्तानचं नाव काढणार नाहीये. काढलं, पण आता परत नाही. आज बोलायचंय नेपाळ आणि भूतानबद्दल, आणि सुरुवात करायची ती २००८ या एका वर्षापासून.

त्या वर्षी काय झालं बघा. २८ मे २००८ ला काठमांडूत नवीन निवडून आलेल्या संविधान सभेनं पहिल्याच बैठकीत राजेशाही संपवून टाकली, विरोधात पडली फक्त चार मतं, आणि पंधरा दिवसांत राजे ज्ञानेंद्र नारायणहिटी राजवाडा सोडून बाहेर पडले. शाह घराण्याची जवळजवळ अडीचशे वर्षं तिथं संपली. याला दोन महिनेही झाले नव्हते तोवर १८ जुलैला थिंफूत भूतानचं पहिलं लिखित संविधान लागू झालं आणि गंमत म्हणजे ते करा म्हणून मागं लागला होता तो राजाच. लोक म्हणत होते नको, आमचं बरं चाललंय. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी २००१ साली मसुदा तयार करायला सांगितला, मसुदा घेऊन राजघराण्यातले लोक जिल्ह्याजिल्ह्यात फिरले, लोकांपुढे वाचून दाखवला, आणि २००६ च्या डिसेंबरात राजे स्वतःच गादीवरून उतरले, मुलाला बसवलं, इलेक्शन व्हायच्या आधीच. (मसुद्यावर सल्ला द्यायला आपले के. के. वेणुगोपाल होते, जे नंतर भारताचे अॅटर्नी जनरल झाले.)

मतदान म्हणजे काय हे लोकांना माहीतच नव्हतं ना, मग २००७ मध्ये त्यांनी चक्क लुटूपुटूचं इलेक्शन घेतलं. खोट्या चार पार्ट्या केल्या, लाल, निळी, हिरवी, पिवळी, प्रत्येकीला जाहीरनामा दिला, उमेदवार म्हणून शाळेतली पोरं उभी केली, मशीन आपल्याकडचीच. पिवळी पार्टी धो धो मतांनी आली. का? तर पिवळा हा राजाचा रंग. जाहीरनामा कोण वाचतो!

आता इथपर्यंत ऐकलं की बहुतेक लोक दोनपैकी एका टोकाला जातात. एक म्हणतात भूतान म्हणजे कसं छान, शांत, आनंद मोजणारा देश, राजा असूनही लोकशाही. दुसरे म्हणतात नेपाळनं खरी क्रांती केली, भूतानमध्ये नुसता देखावा आहे. दोन्हीत तथ्य आहे आणि दोन्हीत गोची आहे, कारण राजा आहे का राष्ट्रपती आहे यावरून सामान्य माणसाच्या हातात काय पडतं ते कळत नाही. माझं म्हणणं एवढंच की संविधान हातात घेतलं की हक्कांच्या यादीवर उडी मारू नका, आधी नागरिकत्वाचं पान उघडा. या दोन्ही देशांत खरी मेख तिथं आहे.

तरी यादी जरा बघूच. नेपाळचं आत्ताचं संविधान २० सप्टेंबर २०१५ चं. त्यात मूलभूत हक्क आहेत कलम १६ ते ४६, एकूण ३१ कलमं. अन्नाचा हक्क, घराचा हक्क, आरोग्याचा, स्वच्छ पर्यावरणाचा, दलितांचा वेगळा, ज्येष्ठ नागरिकांचा वेगळा, ग्राहकांचा वेगळा. आपल्या संविधानात यातलं बरंचसं मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे कोर्टात जाऊन थेट मागता येत नाही. नेपाळनं ते मूलभूत हक्कांतच घातलं, आणि वर लिहून ठेवलं की तीन वर्षांत त्यासाठी कायदे करायचे. मग काय, मुदत संपत आली तसा २०१८ च्या सप्टेंबरात कायद्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा पास झाला, घाईघाईत. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारे फक्त आपल्याकडेच नाहीत.

भूतानची यादी लहान आहे, पण वाचायला मजा येते. राजाला ६५ व्या वर्षी रिटायर व्हावंच लागतं, हे संविधानात आहे. पार्लमेंटनं तीन चतुर्थांश मतांनी ठराव केला आणि नंतर जनमतात लोकांनी हो म्हटलं तर राजाला गादी सोडावी लागते, हेही आहे. देशाची ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे, हेही. निवडणूक दोन फेऱ्यांत, पहिल्या फेरीत सगळ्या पार्ट्या, दुसरीत फक्त पहिल्या दोन. पार्लमेंटला उभं राहायचं तर डिग्री पाहिजे, आणि भिक्षूंना मतदान नाही, कारण धर्म राजकारणाच्या वर असला पाहिजे. डिग्रीची अट ऐकून आपल्याकडे बरेच जण टाळ्या वाजवतात (आत्ता पण दोघातिघांनी वाजवल्या), पण जरा विचार करा, २००८ साली भूतानच्या खेड्यात किती लोकांकडे डिग्री असणार? म्हणजे शेतकरी मत देणार, उभा राहणार साहेब.

पण एक मान्य करायला पाहिजे. भूतानमध्ये २००८ पासून प्रत्येक सरकारनं पाच वर्षं पुरी केली आणि त्यानंतरच्या प्रत्येक इलेक्शनला लोकांनी सत्तेतल्या पार्टीला घरी बसवलं, दोनदा तर पहिल्याच फेरीत. नेपाळमध्ये २००८ नंतर एकाही पंतप्रधानाला पाच वर्षं मिळाली नाहीत. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सोशल मीडियावर बंदी घातल्यावर तरुण पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, माणसं मेली, सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळला, सुप्रीम कोर्टाची इमारत जळली, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. मग तुम्ही म्हणाल, बघा, भूतान बरं. थांबा जरा.

नागरिकत्वाचं पान. नेपाळचं आधी घेऊ. नेपाळमध्ये सोळा वर्षांचं झालं की 'नागरिकता' काढायची असते, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला. आधी वॉर्डातून सिफारिस घ्यायची आणि मग जिल्ह्याच्या ठिकाणी प्रमुख जिल्हा अधिकाऱ्याकडे जायचं. हा कागद नसेल तर पासपोर्ट नाही, मत नाही, बँकेत खातं उघडणं मुश्कील, सिमकार्ड पण स्वतःच्या नावावर मिळत नाही. आता बाप नेपाळी आणि आई परदेशी असेल तर मुलाला वंशज म्हणून नागरिकता मिळते. आई नेपाळी आणि बाप परदेशी असेल तर? अंगीकृत, म्हणजे अर्ज करून घेतलेली, आणि ती सरकारच्या मर्जीवर. बाप कोण ते माहीत नाही, सापडत नाही, असं असेल तर आईच्या नावावर वंशज नागरिकता मिळते, पण पुढे बाप परदेशी निघाला तर ती बदलून अंगीकृत होते. आणि अंगीकृत नागरिक राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, सभामुख (म्हणजे सभापती), मुख्यमंत्री यातलं काहीच होऊ शकत नाही, कलम २८९. म्हणजे एकाच गावातली दोन भावंडं धरा, भावानं बाहेरची बायको केली, बहिणीनं बाहेरचा नवरा केला, भावाचा मुलगा पंतप्रधान होऊ शकतो आणि बहिणीचा नाही.

हे कुणाला सगळ्यात जास्त लागतं तर तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या मैदानी पट्ट्यातल्या मधेशी लोकांना, कारण त्यांचा बिहार आणि उत्तर प्रदेशाशी पिढ्यान्‌पिढ्या रोटी-बेटी व्यवहार आहे. बहीण सीमेच्या अलीकडे, मावशी पलीकडे. काठमांडूतल्या लोकांना भीती की असं दार उघडं ठेवलं तर उद्या भारतच आत येऊन बसेल. भीती समजू शकते हो, भारत केवढा आणि नेपाळ केवढा, पण त्या भीतीचं बिल भरायला लावलं ते स्वतःच्याच बायकांना. २०१५ मध्ये संविधान येण्याच्या आसपास मधेशात आंदोलन पेटलं, चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यानंतर सीमेवर नाकेबंदी झाली, काठमांडूत गॅस मिळेना, आणि ही नाकेबंदी भारतानंच केली असं मानून तिथल्या माणसाच्या मनात भारताबद्दल जो राग बसला तो अजून गेलेला नाही. पण ज्या मागण्यांवरून आंदोलन होतं त्यातली एक नागरिकत्वाची होती, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये.

आणि याच नेपाळमध्ये प्रत्येक वॉर्डात चार सदस्यांपैकी दोन बायका पाहिजेत, त्यातली एक दलित पाहिजे. २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत निवडून आलेल्यांत सुमारे ४१ टक्के बायका होत्या. आपल्या महाराष्ट्रात पंचायतीत ५० टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक वॉर्डात एक दलित बाई, हे आपल्याकडेही नाही. शिवाय नगरपालिकेत न्यायिक समिती असते, गावातले तंटे सोडवायला, तिची प्रमुख उपमेयर, आणि उपमेयर बहुतेक ठिकाणी बाईच. म्हणजे ही बाई लोकांचे तंटे सोडवते, निकाल देते, पण तिचं लग्न सीमेपलीकडच्या माणसाशी झालं असेल तर स्वतःच्या मुलाला स्वतःच्या हक्कानं नागरिकत्व देऊ शकत नाही.

अजून एक किस्सा सांगतो. २०२३ च्या जानेवारीत नेपाळचे उपपंतप्रधान आणि गृहमंत्री रवी लामिछाने यांची खासदारकी आणि मंत्रिपद सुप्रीम कोर्टानं काढून घेतलं, कारण अमेरिकेचं नागरिकत्व सोडल्यावर त्यांनी नेपाळचं रीतसर परत घेतलंच नव्हतं. नागरिकता देणारं खातं कुठलं? गृहखातं!

बरं, आता भूतान. तिथला नियम एका ओळीचा आहे, आई आणि बाप दोघंही भूतानी असले तरच मूल जन्मानं भूतानी. नाहीतर अर्ज करायचा, त्यासाठी १५ वर्षं कायदेशीर वास्तव्य, जोंगखा ही तिथली राजभाषा बोलता आणि लिहिता आली पाहिजे, आणि राजा, देश, प्रजा यांच्याविरुद्ध बोलल्याची किंवा वागल्याची नोंद नको. बोलल्याची पण. आणि मुळात भूतानी कोण? ३१ डिसेंबर १९५८ ला किंवा त्याआधी जो तिथं राहत होता आणि ज्याची सरकार दरबारी नोंद आहे तो.

ही तारीख लक्षात ठेवा. दक्षिण भूतानमध्ये नेपाळी बोलणारे शेतकरी आहेत, ल्होत्शाम्पा म्हणतात त्यांना, बहुतेक हिंदू, पिढ्यान्‌पिढ्या संत्री आणि वेलची पिकवणारे. १९८५ साली नागरिकत्वाचा कायदा कडक झाला आणि १९८८ पासून दक्षिणेत शिरगणती सुरू झाली. अधिकारी यायचे आणि १९५८ सालची जमीन कराची पावती मागायचे. तुमच्या आजोबांचा नेमक्या त्याच वर्षाचा सातबारा घरात सापडेल का? माझ्या घरात तर मागच्या वर्षीची लाइट बिलं सापडत नाहीत. लोकांची एफ-१ ते एफ-७ अशी वर्गवारी झाली, एफ-१ म्हणजे अस्सल भूतानी, एफ-७ म्हणजे परका, आणि एकाच घरात नवरा एका खान्यात, बायको दुसऱ्यात. जोडीला सगळ्यांनी भूतानी पोशाख घालायचा ही सक्ती आणि शाळेतून नेपाळी भाषा बंद. १९९० मध्ये निदर्शनं झाली, धरपकड झाली, आणि लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर गेली. देशाची लोकसंख्याच काही लाख, त्यातले हे. भूतान आणि नेपाळची सीमा कुठेच एकमेकांना लागत नाही बरं का, मधे आपला सिक्कीम आणि बंगाल आहे, म्हणजे हे लोक भारतातून पार होऊन पूर्व नेपाळात झापा आणि मोरंगच्या कॅम्पांत पोचले आणि बांबूच्या झोपड्यांत पंधरा-पंधरा वर्षं राहिले.

आता परत ते लुटूपुटूचं इलेक्शन आठवा, लाल-निळी-पिवळी पार्टी. ते चालू होतं २००७ मध्ये. जगभरचे पेपर कौतुकानं लिहीत होते, आणि तेव्हा हे एक लाख लोक कॅम्पात होते. त्याच वर्षी त्यांना अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडात पाठवायचं ठरलं, पुढे १ लाख १० हजारांहून जास्त गेले, बहुतेक अमेरिकेत. भूताननं एकालाही परत घेतलं नाही. २००८ च्या संविधानात एक फार सुंदर कलम आहे की कायद्यापुढे सर्व व्यक्ती समान, वंश, लिंग, भाषा, धर्म यावरून भेदभाव नाही. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. फक्त ते लागू व्हायच्या आधी देशात कोण राहणार ते ठरून गेलं होतं.

मघाशी कुणीतरी खालून विचारलं की नेपाळनं तरी त्यांना नागरिकत्व का दिलं नाही. साहेब, जो देश स्वतःच्या मुलींच्या मुलांना सरळ देत नाही तो यांना देणार? नेपाळी बोलतात म्हणून नेपाळी, असं भूताननं म्हटलं, नेपाळनं नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२५ मध्ये अमेरिकेनं त्यांच्यातल्या काही जणांना हद्दपार करून विमानानं भूतानला पाठवलं. भूताननं त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडलं. त्यातले काही जण भारतातून कसेबसे झापात पोचले, जिथल्या कॅम्पात ते लहानाचे मोठे झाले होते, आणि तिथं नेपाळ पोलिसांनी त्यांना बेकायदा देशात घुसल्याबद्दल धरलं. प्रकरण नेपाळच्या सुप्रीम कोर्टात गेलं. आता यांना हद्दपार करायचं म्हटलं तर पाठवायचं कुठे, हे कुठल्याच संविधानात लिहिलेलं नाही. चला, प्रश्न असतील तर विचारा, फक्त मायक्रोफोन हातात घेऊन.